धरून ठेवलेले ब्लॉक

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात मी काय काम करते असं कुणी विचारलं, तर 'कॉम्प्युटरचं' एवढंच सांगते. त्यापुढे ऐकण्यात विचारणाऱ्याला रस नसतो आणि सांगण्यात मला. तरी एकदा नीट सांगून टाकते. माझं काम जागा वाटण्याचं आहे. डिस्क म्हणजे एकाच मापाच्या बारीक तुकड्यांची भलीमोठी रांग. त्या तुकड्यांना ब्लॉक म्हणतात. एखादी फाइल लिहायला आली की तिला कोणते ब्लॉक द्यायचे, ती पुसली की ते परत कसे घ्यायचे, आणि मुख्य म्हणजे एकच ब्लॉक चुकूनही दोन फाइलींना कसा जाऊ द्यायचा नाही, हे ठरवणारा कोड मी लिहिते. कंपनी पुण्यात आहे. मी इथे आहे, कारण काही वर्षांपूर्वी लकव्याने आईची डावी बाजू गेली आणि आयुष्यभर सेनगाव-हिंगोली जीप चालवून बाबांच्या गुडघ्यांनीही राजीनामा दिला. आईला उठवायला, न्हाणीत न्यायला घरात धड असं एकच माणूस होतं.

घर तीन खोल्यांचं. पुढे बैठकीची खोली, तिथे आईची खाट. मागे स्वयंपाकघर. आणि बाजूला स्लॅबची खोली, ती भावाची. त्याच्या लग्नानंतर बाबांनी ती बांधायला घेतली आणि मी परत आले त्याच उन्हाळ्यात ती पुरी झाली. भाऊ नाशकात नोकरीला. दिवाळीला बायको-लेकरू घेऊन यायचा, जेवायचा, आणि संध्याकाळच्या आत हिंगोलीची जीप पकडायचा. मुक्काम कधीच नाही. वहिनीला आमचं घर आवडत नसावं, असं आम्ही तिघांनी आपापल्या मनात ठरवून टाकलं होतं. त्यावर बोलायची गरज कुणालाच वाटली नाही. खोलीला मात्र कुलूप. बाबा आठवड्यातून एकदा उघडत, झाडत, पुन्हा कुलूप लावत.

मी बसायचे बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात. पाठीमागे भांड्यांची मांडणी. व्हिडिओवर ती दिसू नये म्हणून मी एक क्रीम रंगाची चादर टांगून घेतली होती. शेजारी पिठाची गिरणी. ती सुरू झाली की मीटिंगमध्ये मी तोंड हलवते एवढंच लोकांना कळायचं.

मग कंपनीचा फतवा आला. कोड गिऱ्हाइकाचा आहे, तेव्हा घरून काम करणाऱ्याकडे दार लावता येईल अशी स्वतंत्र खोली हवी. तिचा फोटो पाठवा. नसेल तर पुढच्या महिन्यापासून पुण्याला या. मी बाबांकडे गेले.

"बाबा, बाजूची खोली मला पाहिजे. दार लावून बसावं लागतंय आता."

"ती पोराची हाय."

"तो कुठं राहतो इथं?"

"राहील की. अचानक आला तर? तुझं टेबल, वायरी समदं हलवत बसायचं का? त्याला वाटंल, आपली जागाच न्हाई राहिली घरात."

"आन् मी पुण्याला गेले तर आईला कोण उठवंल?"

खाटेवरून आईच बोलली. "काहून भांडून राहिले बापलेक? मलाच टाका त्या खोलीत. तुमचं दोघांचंबी भांडण मिटतंय."

तिला सगळ्यातच गंमत दिसते. मला त्या वेळी दिसली नाही. खूप राग आला. पगार माझा चालत होता, आईचं अंग मी पुसत होते, आणि खोली मात्र वर्षातून एक दिवस जेवायला येणाऱ्याची.

त्याच आठवड्यात माझा कोड चाचणीत आपटला. फाइल थोडी थोडी वाढत जाते, तेव्हा तिचे ब्लॉक डिस्कभर विखुरतात आणि वाचायला वेळ लागतो. म्हणून मी तिच्यासाठी पुढचे सलग ब्लॉक आधीच धरून ठेवत होते. ते वापरात नसतात, पण मोकळेही नसतात. फाइल बंद होईपर्यंत ते तिचेच, असा माझा नियम. चाचणीत कॅमेऱ्यांच्या नोंदी ठेवणारा एक प्रोग्रॅम चालवला. त्याने ढिगाने फाइली उघडल्या, थोडंथोडं लिहिलं आणि तशाच उघड्या ठेवल्या. नवी फाइल आली तेव्हा माझ्या कोडने तिला सांगितलं, जागा नाही. डिस्क अर्धी रिकामी होती.

असा नियम मला का सुचला, ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. रुमालाचा मालक खाली उभा राहून चहा पीत असतो. लोक उभे राहतात, कुरकुर करतात, पण रुमाल उचलून बाजूला ठेवत नाहीत. अशा मुलखात वाढलेल्या माणसाच्या कोडमध्ये धरलेली जागा काढून घेण्याची ओळ येणार कुठून?

आमची टीमलीड बोलायला गोड आणि कोड वाचायला निर्दय बाई आहे. तिने फोन केला.

"अर्धी डिस्क रिकामी, आणि तू जागा नाही म्हणतेस?"

"रिकामी नाही. धरलेली आहे."

"ज्यांच्यासाठी धरलीस, त्या लिहितायत का?"

"लिहितील. अचानक लिहायला आल्या तर?"

हे बोलले आणि माझीच जीभ मला अनोळखी वाटली. मी अगदी बाबांसारखी बोलत होते, तेही भांडणाच्या सुरात.

"आल्या तर पुन्हा मागतील," ती म्हणाली. "त्यांचं काही बिघडत नाही. आणि आत्ता जी दारातून परत गेली, तिचं काय? तिला तर तू साफ खोटं सांगितलंस."

दुरुस्ती तशी मोठी नव्हती. जागा नाही म्हणण्याआधी धरलेल्या ब्लॉकांवर एक फेरी मारायची. ज्या फाइलीने बराच वेळ काही लिहिलं नाही, तिचे ब्लॉक सोडवायचे आणि मग उत्तर द्यायचं. पहिल्या खेपेला मी सोडवण्याची घाई केली. एक फाइल नेमकी त्याच क्षणी लिहायला लागली आणि एकच ब्लॉक दोघींच्या हाती गेला. एकीच्या पोटात दुसरीचा मजकूर. या धंद्यात याहून वाईट काही नाही. मग सोडवण्याआधी फाइलीला कुलूप घालून तिची खरी स्थिती बघायची, अशी अट घातली. वीज गेली, इन्व्हर्टर कण्हला, पण चाचणी पार पडली. टीमलीडने शाबासकी दिली आणि त्याच दमात खोलीचा फोटो मागितला.

रविवारी सकाळी मी आईच्या हाताला तेल चोळत होते. बाबा खुर्चीत मेथी निवडत बसले होते. माझ्या डोक्यात तो फोटोच घोळत होता. शेवटी तेलकट बोटानेच भावाला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून फोन खाटेवर ठेवला. बाबांनी ऐकावं, असंच मला वाटत होतं.

"दादा, तोंडावर बोलते. ती खोली मला पाहिजे. तू एक रात राहत न्हाईस, आन् खोली मातर अडवून ठेवलीस."

"कोणती खोली?"

"बाजूची. स्लॅबची."

"ती तर तुझीच हाय ना?" त्याला खरंच कळलं नव्हतं. "तिथंच बसून तर काम करून राहिलीस तू. व्हिडिओवर बघितली की मी. क्रीम कलर मारला म्हणून तुझी वहिनी कौतुक करून राहिली होती."

"ती चादर हाय, दादा. मी बोळात बसते."

"मंग खोलीला कुलूप कशाचं? मला वाटलं तुझं कंपनीचं सामान असंल आत. लेकरानं हात लावू नये म्हणून लावलं असंल."

"आत पलंग हाय. तुझ्यासाठी. खोली बांधली तवापासून."

आईने मान फोनकडे वळवली.

"मला कुणी सांगितलंच न्हाई," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "तुझी वहिनी दर खेपेला म्हणायची, राहू एक रात, आईपाशी बसू. मीच तिला उठवायचो. म्हणायचो, चल, आईला झोप लागत न्हाई, बहिणीचं काम हाय, तकलीफ काहून द्यायची. आपली जागा न्हाई राहिली तिथं."

भांडायला जमवलेले सगळे शब्द फुकट गेले. वहिनीला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते एकेक आठवू लागलं आणि लाज वाटली. आई भिंतीकडे तोंड करून रडत होती.

बाबा मेथी खाली ठेवून, गुडघे धरून उठले. खिशातून किल्ली काढून त्यांनी बाजूच्या खोलीचं दार उघडलं. थोड्या वेळाने आतून काहीतरी फाटल्याचा आवाज आला, म्हणून मी गेले. गादीवर दुकानातून आलेलं प्लास्टिक अजून तसंच होतं. बाबा ते ओढून काढत होते. ते जुनं होऊन कडक झालेलं, तुकड्या-तुकड्यांनीच निघत होतं.

"टेबल खिडकीपाशी लाव," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ते लोक आले म्हंजे सरकवू बाजूला."

मी पलीकडचं टोक धरलं. बराच वेळ आम्ही दोघं प्लास्टिकचे तुकडे गोळा करत होतो. मग बाबा गादीवर बसले, हातातला चुरा तसाच धरून.

"मला वाटून राहिलं होतं," ते म्हणाले, "त्याला यायचंच न्हाई."