चढावर न भरणारी बॅटरी

मिलोयका एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की ती गोष्ट एक तर सुटायची, नाहीतर तुटायची. तिची उमेदीची सगळी वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. सूप खारट झालं तर ते कुणी, कधी आणि का खारट केलं हे कळल्याशिवाय पातेलं तिच्या हातून पुढे जात नसे. निवृत्त झाल्यावर पातेली संपली, आणि श्मार्त्नोसारख्या मूठभर घरांच्या गावात तिच्या चौकसपणाला पुरेल असं काही उरलं नाही. तेवढ्यात तिच्या नवऱ्याने, झोर्कोने, एक मालवाहू व्हॅन विकत घेतली आणि तिच्यात घर बांधलं.

घर म्हणजे काय, एक पलंग, एक शेगडी, एक फ्रिज आणि पलंगाखाली एक जाडजूड बॅटरी. इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. दोघींच्या मधे एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा खटका. इंजिन वीज तयार करायला लागलं की हा रिले टक् करून दोन्ही बॅटऱ्या जोडणार आणि गाडी धावता धावता घराची बॅटरी भरणार, असा सगळा बेत. गावाच्या तटबंदीच्या आत गाडी शिरत नाही, त्यामुळे व्हॅन बाहेर भिंतीच्या सावलीत उभी, आणि तिथे सॉकेट नाही. बॅटरीने जे काही कमवायचं ते रस्त्यावरच. ही जोडणी झोर्कोने स्वतःच्या हाताने केली होती, आणि स्वतःच्या हाताने केलेल्या कामात चूक निघू शकते असं मानणाऱ्यांपैकी तो नव्हता.

ही व्हॅन हौसेपेक्षा हट्टापायी बांधलेली होती. दोघांची लेक नेवा लग्न करून सोचा नदीच्या खोऱ्यात, पार वरच्या टोकाला लोग गावी गेली. जावई गाश्पर मेंढ्या पाळतो, फार बोलत नाही. अशा अबोल माणसाने वर्षातून एकदा विनोद करावा आणि तो नको तिथे करावा, तसं झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात त्याने सासऱ्याच्या ऑलिव्हचं तेल चाखलं, ठसका लागला, आणि तो म्हणाला, "ट्रॅक्टरला चालेल." आता आमच्या ब्र्दा भागातलं तेल घशाला झोंबतंच, झोंबलंच पाहिजे, चरबीत बटाटे परतणाऱ्याला ते काय कळणार. सगळे हसले, झोर्को तेवढा हसला नाही. त्या दिवसापासून त्याने गाश्परचा उंबरठा ओलांडला नाही. लेकीकडे जायचा, पण अंगणातल्या टेबलाशी बसायचा, थंडीत कोट चढवून तिथेच जेवायचा.

"त्याच्या घरातली वीजसुद्धा नको मला," तो म्हणायचा. "माझ्या गाडीत माझी वीज आहे."

तीच तर नव्हती. झोर्कोचा झोपेत श्वास अडकतो. रात्री तोंडावर मास्क आणि उशाशी हवा फुंकणारं यंत्र लागतं. लोगला अंगणात मुक्काम केला की मध्यरात्र उलटेपर्यंत बॅटरी मान टाकायची, यंत्र बंद पडायचं, आणि झोर्को गुदमरून उठून बसायचा. मग उजाडायच्या आत तो गाडी सुरू करून घरचा रस्ता धरायचा. नेवा आणि नात ब्रीना उठून बाहेर येईपर्यंत अंगणात फक्त टायरांच्या खुणा उरायच्या.

मिलोयकाला जगाकडून फार काही नको होतं. तिला ईस्टरची न्याहारी लेकीच्या टेबलाशी करायची होती. शनिवारी चर्चमधून मंतरून आणलेली टोपली रविवारी सकाळी उघडतात. हॅम, रंगवलेली अंडी, अक्रोडाचं सारण गुंडाळलेला गोड पाव, पोतित्सा. ती न्याहारी दुपारी जाऊन करता येत नाही. तिच्यासाठी आदली रात्र तिथे काढावी लागते, आणि त्या रात्रीसाठी बॅटरी लागते. नेवाचं लग्न झाल्यापासून प्रत्येक ईस्टरला ती झोर्कोच्या समोर बसून अंडी सोलत आली होती, आणि झोर्को काही बघण्यासारखा माणूस नाही.

झोर्कोने बॅटरी बदलली. फ्यूज बदलले, जाड वायर टाकली, अर्थिंगच्या बोल्टवरचा गंज घासून काढला. दरवेळी तटाबाहेर इंजिन सुरू करून तपासायचा, आणि दरवेळी रिले टक् म्हणायचा, मीटर वर चढायचा. दाताच्या डॉक्टरकडे गेलं की दुखणं थांबतं, तशातली गत. "ठणठणीत आहे," झोर्को म्हणायचा, आणि लोगला पोचलं की पुन्हा तेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तो पुन्हा फ्यूजच बदलायचा.

मिलोयकाने एक गोष्ट हेरली होती. लोगहून घरी आलं की बॅटरी गच्च भरलेली असायची.

"जाताना भरत नाही, येताना भरते," ती म्हणाली. "रस्ता तोच, गाडी तीच."

"येताना माझं डोकं शांत असतं," झोर्को म्हणाला.

"बॅटरी तुझ्या डोक्याला जोडली आहेस का?"

शाळेतल्या स्वयंपाकघराचा एक नियम होता. चव बिघडली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि मधेमधे चाखत राहायचं. झोर्को फक्त उभ्या गाडीची चव घेत होता. म्हणून मार्चमधल्या फेरीला मिलोयकाने मीटरच्या दोन तारा पलंगाखालून पुढे आणल्या, मीटर मांडीवर ठेवला आणि सबंध वाटेत खिडकीबाहेर पाहिलं नाही. गाव सोडताना आकडा चौदा व्होल्टच्या वर होता. थोड्याच वेळात मागे टक् वाजलं, रिले सुटला आणि आकडा साडेबारावर घसरला. तोल्मिन गेलं, कोबारिद गेलं, बोवेत्सचा चढ लागला, आकडा आणखी खालीच. झोर्कोला तिने काही सांगितलं नाही. संध्याकाळी परत उतरताना पहिल्याच वळणावर झोर्कोने पेडलवरचा पाय उचलला, आणि मागे टक्. आकडा जवळजवळ पंधरा. सपाटीवर आल्यावर पुन्हा टक्, पुन्हा खाली. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसत बसली.

"काय झालं?" झोर्कोने विचारलं.

"काही नाही. तू पाय उचल बघू पुन्हा."

दुसऱ्या दिवशी ती शेम्पेतरला एगोनकडे गेली. एगोन गाड्यांची वायरिंग करतो, आणि ब्र्दातल्या सगळ्या कुटुंबांची भांडणं त्याला पाठ आहेत. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"घोडं इथेच पेंड खातंय," तो म्हणाला. "नवी इंजिनं कंजूष झालीत, मिलोयकाबाई. इंजिन गाडी ओढत असलं की ते वीज द्यायला हात आखडतं, डिझेल वाचवायला. पाय उचलला, गाडी उतारावर आपसूक धावायला लागली, की फुकटची वीज मिळते. मग ते ओंजळ भरून देतं. तुमचा रिले जुन्या वळणाचा. विजेचा जोर वाढला तरच तो जोडणार, आणि चढावर जोर वाढतच नाही."

"मग तटाबाहेर तपासली की बरी का असते?"

"नुकतं सुरू झालेलं इंजिन आधी आपली बॅटरी भरून घेतं. तेवढ्यापुरतं उदार. मधे एक चार्जर बसवायचा, जो कमी जोराची वीज घेऊन स्वतः वाढवतो. मागवतो, पण ईस्टरनंतरच मिळेल." त्याने नाक पुसलं. "तोवर एक लांब वायर घ्या आणि जावयाच्या सॉकेटात लावा. हे मी म्हटलं असं झोर्कोला सांगू नका."

मिलोयका दारापर्यंत गेली आणि थबकली. सगळं पटलं होतं, पण पातेल्याच्या तळाशी काहीतरी लागलं होतं.

"एगोन, नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला आम्ही असेच चढून गेलो. त्या रात्री यंत्र सकाळपर्यंत चाललं."

"चढून गेलात?"

"चढूनच जावं लागतं. लोग काय खाली सरकलंय?"

"मग कुणीतरी बाहेरून भरली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

घरी येऊन तिने फोन लावला, आणि नेवाला न लावता थेट गाश्परला लावला.

"गाश्पर, मार्टिनच्या सणाला माझ्या गाडीला काय केलंस?"

पलीकडे एक मेंढी ओरडली.

"काही नाही, आई."

"बॅटरी कुणी भरली?"

"कुठली बॅटरी?"

"तुझ्या मेंढीची."

त्याने मेंढीला हाकललं. मग म्हणाला, "बाबा जेवायला बसले होते तेव्हा वायर लावली. कँपिंगच्या जागी वीज घ्यायला बाहेरून ते झाकण आहे ना, नुसतं दाबलं की उघडतं. गवतावर पानं पडलेली होती, वायर त्यांच्याखालून नेली. पहाटे मेंढ्यांकडे जाताना काढून घेतली. त्यांनी बाहेर धापा टाकत पडायचं आणि मी आत गादीवर, मला झोप येईना."

"मग नाताळात का नाही लावलीस?"

"बर्फ होतं, आई. वायरचा माग उठला असता. मग ते कधीच आले नसते." आणि घाईने म्हणाला, "त्यांना सांगू नका."

"बघते," मिलोयका म्हणाली. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली आणि तिला रडू आलं. या मुलाला आपणही मनातून जरा जड डोक्याचाच समजत होतो, याचं तिला फार वाईट वाटलं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी दोघं निघाली. टोपली मागे, मीटर मांडीवर. तोल्मिनच्या पुढे तिने झोर्कोला सगळा शोध सांगितला: चढ, उतार, कंजूष इंजिन, टक्. त्याने ऐकून घेतलं, आणि त्याचा चेहरा खुलला. जोडणी चुकली नव्हती, इंजिनच लबाड होतं.

"पण तुझा हिशेब चुकतोय," तो म्हणाला. "मार्टिनच्या सणाला काय झालं? तेव्हाही चढूनच गेलो होतो."

तिने सांगायचं ठरवलं नव्हतं. पण विचारलं त्यानेच.

"त्या रात्री गाश्परने भरली. पानांखालून वायर आणून. नाताळात नाही आणली, कारण बर्फात तुला दिसली असती."

झोर्को गाडी हाकत राहिला. कोबारिदला ते नेहमी कॉफीला थांबतात, तिथे तो थांबला नाही. बोवेत्सलाही नाही. मिलोयका मीटरकडे बघत राहिली, त्यावर काही नवीन नव्हतं. हा आता गाडी वळवतो की काय, अशी तिला भीती वाटत होती. आपलं तोंड कशाला उघडलं, असंही वाटत होतं.

लोगला झोर्को गाडी नेहमी फाटकाशी, तोंड रस्त्याकडे करून लावतो. त्या दिवशी त्याने ती आत घेतली, दोनदा मागेपुढे केली, आणि गोठ्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभी केली. विजेचं झाकण भिंतीच्या बाजूला, आडोशाला आलं. मग तो उतरला आणि कुणाशी न बोलता नातीला घेऊन मेंढ्या बघायला गेला. गाश्पर गाडीकडे बघत उभा राहिला. मिलोयकाने त्याला फक्त मान हलवून खूण केली. तो गोठ्यात गेला आणि वायरचं भेंडोळं घेऊन आला.

रात्री यंत्र एका सुरात चाललं आणि दोघंही गाढ झोपली.

सकाळी मिलोयका आत गेली. टेबल मांडलेलं होतं, हॅम कापून झालं होतं, ब्रीना एक लाल अंडं धरून बसली होती, पण झोर्कोचा पत्ता नव्हता. शेवटी मिलोयकाच बाहेर आली. झोर्को पलंगाच्या कडेला बसला होता. दाढी केलेली, केस विंचरलेले, पायात बूट.

"कधी उठलास?"

"मघाशीच."

"मग ये ना."

"मला कुणी बोलावलं नाही," झोर्को म्हणाला.

तिच्या तोंडापर्यंत चांगली लांबलचक शिवी आली होती. पण मागे ओल्या गवतात पावलं वाजली. गाश्पर घरातल्या सपातांवरच बाहेर आला होता, आणि त्याच्या काखेत दुसरा जोड होता, जाड लोकरीचा. आमच्याकडे दाराशी आलेल्याला आधी सपाता देतात. दिल्या की तो आत आला असं समजायचं. गाश्परने तो जोड गाडीच्या पायरीवर ठेवला.

"तुमच्या मापाच्या आहेत, बाबा. नेवाने लग्नाच्या वर्षीच आणून ठेवल्या होत्या."

झोर्कोने सपातांकडे पाहिलं. त्यांच्यावर दुकानातली पट्टी तशीच होती. त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, पट्टी तोडून खिशात टाकली, आणि तिथेच, गवतात उतरायच्या आधीच, सपाता पायात घातल्या.

कुणी घरातल्या सपातांवर अंगणात पाऊल टाकलं की नेवा घर डोक्यावर घेते. दोघं पुरुष चिखलाने माखलेल्या सपातांनिशी उंबरठ्यावर आले, तेव्हा ती एक शब्द बोलली नाही. तिने वडिलांसाठी खुर्ची ओढली.