सगळ्यांना सारखं वाण

ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या एका कचेरीत मी नऊ ते पाच जगाचं भलं करत असे. माझ्याकडे कॅरिबियनमधली चार बेटं होती, म्हणजे चार स्वतंत्र देश. एकाकडे विमानतळ, हॉटेलं, बँका. सगळ्यात धाकट्याकडे केळीच्या बागा आणि बोटींचा एक धक्का. वादळ मात्र चौघांचं एकच. जूनमध्ये वादळं सुरू व्हायच्या आत त्यांना इशारा ऐकवणारे रेडिओसंच मदत म्हणून द्यायचे होते. मी चौघांना एकच संच सुचवला, विजेवर चालणारा. कमी-जास्त केलं तर एखादा मंत्री रुसतो, असं मीटिंगमध्ये मोठ्या जाणकारासारखं सांगितलंही.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी धाकट्या बेटावरच्या अधिकाऱ्याचं पत्र आलं. नमुन्याचा संच फार देखणा आहे, त्यानं लिहिलं होतं, आम्ही तो कचेरीत दर्शनी जागी ठेवला आहे. आमच्याकडे वीज फक्त संध्याकाळी असते. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं आणि पत्र फायलीच्या तळाशी घातलं. सोमवारी अहवाल छपाईला जायचा होता.

शनिवारी दुपारी घरी हळदीकुंकू. मला अहवालासकट वरच्या बेडरूममध्ये पाठवलेलं. पान काही उलटेना. पाण्याला खाली गेलो, चष्म्याला गेलो, मग दोनदा उगाचच गेलो.

"अहो, चौथ्यांदा खाली आलात," बायको म्हणाली. "तिळगूळ हवाय की बायका मोजताय?"

यंदाचं वाण होतं केक भाजायचे टिन, पंधरा, सगळे सारखे. जिन्यावरून दिसलं, एक नवीन मुलगी टिन हातात फिरवत होती. तिचा नवरा नुकताच इथल्या हॉस्पिटलात लागला होता. राहायला एक खोली आणि विजेची छोटी शेगडी. "खूप छान आहे हो, वहिनी," ती म्हणाली. "पोहे ठेवायला होईल."

बायका गेल्यावर आमची इथेच जन्मलेली लेक म्हणाली, "आई, त्या मावशीची रूममध्ये ओव्हन नाही. मग टिन कशाला?"

"वाण सगळ्यांना सारखंच देतात. तिला वेगळं दिलं असतं तर तिला वाटलं असतं, आम्हाला गरीब समजतात."

हेच मी मीटिंगमध्ये बोललो होतो, इंग्रजीत, टाय लावून.

"पण तिला आधी विचारायचंस तरी," मी म्हणालो.

"तुम्ही विचारता वाटतं तुमच्या बेटांना?"

रविवारभर मी घरात येरझारा घातल्या. लेकीनं विचारलं, "बाबा, तुमचं काही हरवला का?"

सोमवारी साहेबाला पत्र दाखवलं. अहवाल थांबवावा लागेल म्हटलं. साहेबानं पत्रावरचा शुक्रवारचा आवक शिक्का पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांना सारखं, ही तुमचीच कल्पना. आता चौघांनाही तुम्हीच समजवा."

दुपारी धाकट्या बेटाला फोन लावला. दोन वर्षांत मी त्यांना संचाचं वजन, रंग, अँटेनाची उंची, सगळं कळवलं होतं. आता पहिल्यांदाच विचारलं, "तुमच्याकडे वीज किती ते किती असते?"

पलीकडे तो अधिकारी हसला. "सहा ते नऊ. वादळांना आम्ही ही वेळ कळवलेली नाही."

मी अहवालात धाकट्या बेटापुढच्या 'वीज' या शब्दावर काट मारली, शेजारी 'मोटारीची बॅटरी' असं लिहिलं आणि थोरल्या बेटाचा नंबर फिरवला. तिथले मंत्री रुसणार होते.