मी न बोललेली शिफारस

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मीटिंगमध्ये सामोसे तेवढे वेळेवर येतात. विनोद म्हणून लिहीत नाही, किळस आली म्हणून लिहितोय.

तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालो आणि पनवेलजवळच्या एका कॉलेजने मला ‘उद्योग सल्लागार’ नेमलं. खरं सांगतो, छाती फुगली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. वडील उरणकडचे, खाडीत जाळं टाकणारे, सहीच्या जागी अंगठा. आणि त्यांच्या मुलाला आता प्राध्यापक मंडळी गाडीपर्यंत सोडायला येत होती. सत्काराच्या शालींना खांदा कॉलनीतल्या घरात जागा उरली नाही तेव्हा बायको म्हणाली, “पुढच्या वेळी टॉवेल मागा, उपयोगाला तरी येईल.”

सल्ला मी मनापासून द्यायचो. तुमचा पदवीधर कारखान्यात येतो आणि त्याला माप घ्यायचं व्हर्निअर धरता येत नाही, त्याला वर्षभर लोखंड कातायच्या लेथवर उभा करा, हे मी प्रत्येक मीटिंगला सांगायचो. माना हलायच्या. मग हजेरीचा कागद फिरायचा, मी सही करायचो, फोटो निघायचा.

त्या कॉलेजात मला आवडणारी जागा एकच, वर्कशॉप. तिथले इन्स्ट्रक्टर रोडपालीचे, आयटीआय झालेले, कंत्राटावर. लोखंडाचा नुसता आवाज ऐकून हत्यार बोथट झालंय की नाही ते सांगायचे. पोरं त्यांना मामा म्हणत. ज्याने फक्त प्रबंध लिहिला तो सर, आणि ज्याने हात धरून काम शिकवलं तो मामा. मीही मामाच म्हणायचो, आणि त्यात काही खटकायचं नाही.

गेल्या वर्षी एका रविवारी मामा घरी आले. पाणी प्यायले आणि खिशातून पत्र काढलं. पत्र इंग्रजीत होतं. लेथचा विभाग बंद, त्या जागी आर्टिफिशियल इंटेलिजन्सची लॅब, म्हणून पुढच्या सत्रापासून यांचं कंत्राट संपलं. खाली कारण दिलं होतं: उद्योग सल्लागारांच्या शिफारशीनुसार.

“शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं,” मामा म्हणाले. “साहेब, हे तुमी सांगितलंत?”

“नाही.”

“मंग कागदावर कसं आलं?”

ते चिडले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. पन्नाशीच्या माणसाला आता कुठल्या कारखान्यात कोण घेणार होतं?

सोमवारी जाऊन मी मीटिंगच्या इतिवृत्ताची फाइल मागितली. तिच्यात मी असं काही इंग्रजी बोललो होतो की मलाच माझा आदर वाटावा. बदलतं युग, भविष्यवेधी कौशल्यं, कालबाह्य यंत्रसामग्री. आणि मागे टाचलेला हजेरीचा कागद, त्यावर माझी सही.

विभागप्रमुखांना विचारलं. ते लाजले नाहीत. कुठली शिफारस हवी तेवढं सांगायचं, बाकी सगळं एआयचं टूल लिहून देतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. कॉलेजला दर्जा देणाऱ्या तपासणी समितीला फाइल जाड लागते.

“मीटिंगच्या आधी लिहिता की नंतर?”

“आधीच करून ठेवतो सर. नंतर घाई होते.”

आदल्या दिवशी भाजी निवडून ठेवणाऱ्या सुगरणीचा अभिमान होता त्यांच्या आवाजात.

त्या टूलवर माझा राग नाही. यंत्रांत जन्म गेला माझा, यंत्र सांगाल ते करतं. किळस आली ती सांगणाऱ्यांची. आणि थोडी माझीही. वडिलांसमोर कुठलाही कागद आला की ते वाचून घ्यायचे. “वाच. आता परत वाच. यात मी काय बोललो ता सांग.” साहेब लोक ताटकळायचे, शाईचा पॅड सुकायचा, आम्हा पोरांना लाजेने मान वर करवत नसे. दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय त्यांचा अंगठा कधी उठला नाही. त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून ते कागद ऐकायचे. मला वाचता येत होतं, म्हणून मी सामोसा खाता खाता सही ठोकत होतो.

पुढची मीटिंग तपासणीच्या आदल्या दिवशी होती. तपासणीसाठी या वेळी सही थेट इतिवृत्तावर हवी होती, आणि ते टाइप होऊन तयारच होतं, जुन्या शिफारशीला दुजोरा देणारं. माझ्यापुढे आलं तेव्हा मी पेन उचललं नाही.

“वाचून दाखवा.”

“सर, सगळ्यांना मेल केलंय,” प्राचार्य म्हणाले.

“मोठ्याने वाचा.”

एका तरुण प्राध्यापिकेने वाचायला घेतलं. तिसऱ्या वाक्याला मी अर्थ विचारला. तिने विभागप्रमुखांकडे पाहिलं, त्यांनी प्राचार्यांकडे, प्राचार्यांनी घड्याळाकडे. मी म्हटलं, परत वाचा. दुसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज पडला. मग मी त्याच कागदावर मराठीत लिहिलं: ‘हे मी बोललो नाही. लेथ बंद करू नये आणि शिकवणारा माणूस काढू नये, असं मी बोललो.’ खाली वडिलांच्या नावासकट पूर्ण सही केली. समिती सकाळी यायची होती आणि सल्लागाराच्या सहीशिवाय फाइल अपुरी राहिली असती. त्यांना तो कागद तसाच लावावा लागला.

लॅब झाली, पण ड्रॉइंग हॉलमध्ये. लेथ राहिले. मला त्यानंतर बोलावणं आलेलं नाही, आणि माझा फोनही कोणी उचलत नाही.

महिन्याभराने मामा नवं पत्र घेऊन आले. मी वाचून दाखवलं: उद्योग सल्लागारांच्या शिफारशीनुसार कंत्राट सहा महिने वाढवण्यात येत आहे.

“सहा म्हैन्यांनी सल्लागार कोन असंल?” त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

मामांनी पत्र घडी घालायला घेतलं होतं. ते पुन्हा उलगडून माझ्यापुढे ठेवलं.

“मंग परत एकदा वाचा.”