मन्मथअप्पांची चालू गाडी आणि माझं पत्रक

मन्मथअप्पा ड्रायव्हरवर अन्याय झाला तो दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, चकलांब्याच्या चारा छावणीत. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या चेअरमननं शे-दीडशे माणसांदेखत त्यांच्या हातातली किल्ली हिसकावली आणि "उद्यापासून येऊ नको" म्हणून सांगितलं. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला! कुणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. माझी मलाच किळस येते.

अप्पांची एक सवय होती. लांबून दामटत आलेली गाडी उभी केली की ते लगेच बंद करत नसत. कपाळावर भस्माचे पट्टे, एक हात बॉनेटवर, डोळे घड्याळावर. इंजिन आपलं गुरगुरत असायचं. कुणी टोकलं तर म्हणायचे, "थांब बे, तिला दम खाऊ दे. टर्बो तापलेला हाय. आत्ताच बंद केली तर आतलं तेल जळंल."

कारखान्याकडं आधी छोटी टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या पंख्याची, गाडी होती. जनावरांचा डॉक्टर, औषधाची खोकी आणि मागं दोन माणसं घेऊन ती बैलगाडीच्या वाटेनं डोंगरपट्टा चढायची. ऐन दुष्काळात संचालक मंडळानं ती विकली आणि लांबलचक सेडान घेतली. तीही टर्बोचीच.

चेअरमन म्हणाले, "अप्पा, जड गाडीलाच ताकद लागती. छोटीला टर्बो कशाला?"

"जड ती लोखंडानं न्हाई सायेब, मागं बसलेल्या तीन संचालकांनी हाय," अप्पा म्हणाले. "छोटीत टर्बो कामाला येतो, मोठीत निस्ता मिरवायला. ही छावणीच्या वाटंवर पोट घासती. तितं टर्बो काय करंल?"

संचालक खदाखदा हसले. ठराव आधीच झाला होता.

आता माझं पाप. आमच्या ऊस उत्पादकांच्या संघटनेची पत्रकं मी लिहितो. एका दुपारी छावणीच्या फाटकाशी ती सेडान उभी दिसली. इंजिन चालू, आत कुणी नाही. बाजूला म्हशी कोरड्या हौदाला जिभा लावत होत्या. मी पेटलो. "म्हशी तहानलेल्या, साहेबांची गाडी उभ्या उभ्या डिझेल पितेय!" असं पत्रक गावोगाव वाटलं. अप्पा तेव्हा माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. त्यांना विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

चेअरमनला लाज वाटली नाही, निवडणुकीची भीती मात्र वाटली. फर्मान निघालं: गाडी थांबली की त्या क्षणी बंद, लोकांना दिसेल अशी. अप्पांनी हात जोडून समजावलं, पण ड्रायव्हरचं ऐकतो कोण? बीडहून भरधाव यायचं आणि फाटकात खटकन बंद करायची, असं दीड महिना चाललं. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या सकाळी गाडी निळा धूर ओकतच छावणीत आली. टर्बो गेला होता. खापर फुटलं ते हुकूम पाळणाऱ्याच्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. अप्पांनी आधी चहा पाजला. मग म्हणाले, "खोटं न्हाई लिवलं तू. गाडी चालूच व्हती. पर कावून चालू व्हती, येवढं इचारायला तुजं काय जात व्हतं?"

घरी येऊन मी हे दुसरं पत्रक लिहायला बसलो.

येत्या सर्वसाधारण सभेत दोन विषय आहेत: अप्पांच्या बडतर्फीला मान्यता आणि आधीच्याहून मोठ्या टर्बो सेडानची खरेदी. विषय पुरता वाचून व्हायच्या आत "मंजूर, मंजूर" ओरडायची आपल्याला घाण सवय लागली आहे. सभासद असाल तर या वेळी "नामंजूर" म्हणा, माइक बंद केला तरी म्हणा, आणि अप्पांना कामावर परत घेतल्याचं लेखी हातात पडेपर्यंत मंडपातून उठू नका.