लाल दोऱ्याची बाटली

औषधाने गुण आला असं परभणी जिल्ह्यात कुणी म्हणालं, की "कुणाला आला? त्याचं नाव सांगा," असं विचारणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या मावशीच्या वाट्याला आला. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, परभणीत एका सरकारी कचेरीत नोकरांची औषधपाण्याची बिलं तपासायचे. आजारी पडलेला माणूस बरा होऊन, कामावर रुजू होऊन पुन्हा आजारी पडला तरी पहिल्या आजाराचं बिल काकांच्या टेबलावरून सुटलेलं नसायचं. एकाने टॉनिकचं बिल लावलं तर काकांनी रिकामी बाटली मागवली, हुंगून पाहिली आणि 'हे खोबरेल आहे' असा शेरा मारून दोन्ही परत पाठवली. एका शिक्षिकेकडे बाळंतपणाच्या खर्चाचा पुरावा मागितला, तेव्हा त्या तान्हं मूल घेऊनच कचेरीत आल्या आणि त्यांनी ते काकांच्या टेबलावर ठेवलं. काकांनी मुलाकडे नीट पाहिलं, 'पुरावा पाहिला' असं लिहिलं आणि सही केली. ते निवृत्त झाले तेव्हा कचेरीने थाटाचा निरोप समारंभ केला. जमलेल्या मंडळींच्या चेहऱ्यांवरचा आनंद म्हणजे आपल्यावरचं प्रेम आहे, असं काका शेवटपर्यंत समजत होते.

निवृत्तीनंतर ते मानवतच्या आपल्या घरी राहायला आले. मीही तेव्हा मानवतच्या शाळेत नोकरीला होतो आणि जेवायला मावशीकडे असायचो. बिलं संपली होती, पण तपासणी काही संपेना. ते नामांतराच्या वादाचे दिवस होते. चार माणसं जमली की बोलणं विद्यापीठाच्या नावावर जायचं. काकांच्या ओट्यावर मात्र ते फिरून फिरून कारल्यावर यायचं. कारण मावशीला साखरेचा आजार निघाला होता आणि येणारा प्रत्येक जण काही ना काही उपाय सांगायचा. शेजाऱ्याने सांगितलं, कारल्याच्या रसाने वालूरच्या एका माणसाची साखर मुळापासून गेली. काकांनी नाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने वालूर गाठलं. तो माणूस म्हणाला, मला कसलीच साखर नव्हती, मी चारठाण्याच्या एकाचं ऐकून सांगितलं. काका चारठाण्याला गेले. तिथला गृहस्थ देवळाच्या पायरीवर बसला होता. त्याने डोकं खाजवलं आणि सांगितलं, की त्याने हे मानवतच्या एका माणसाकडून ऐकलं होतं. तो माणूस म्हणजे काकांचा शेजारीच. काका धुळीने माखून घरी परतले, ते फार खुशीत होते. "सगळं बिल ऐकीव आहे," ते मला म्हणाले. "नामंजूर."

मावशीच्या आजाराचा कारभार काकांनी डॉक्टरांवर सोडला नाही. गोळ्या डॉक्टरांच्या, पण तपासणी घरची, असा त्यांचा कायदा. रोज सकाळी न्हाणीशेजारच्या फळीवर स्पिरिटचा दिवा पेटायचा. काचेच्या नळीत निळं औषध ओतायचं, ते उकळायचं, त्यात लघवीचे थेंब मोजून टाकायचे, पुन्हा उकळायचं आणि रंग बघायचा. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत विटेसारखं लाल झालं तर त्या दिवशी घरात बोलायची सोय नसायची. शिवाय एकाच नळीवर भरवसा ठेवायचा नाही, शेजारी तुलनेला निरोगी माणसाची नळी पाहिजे, म्हणून काका स्वतःचीही लघवी तपासायचे. खोकल्याच्या औषधाच्या दोन जुन्या बाटल्या त्यासाठी ठेवल्या होत्या. मावशीच्या बाटलीला लाल दोरा, काकांच्या बाटलीला पांढरा. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनाही एक बाटली मिळायची. मावशीचे एक व्याही या प्रकारामुळे पुढे कधी मुक्कामाला राहिले नाहीत, पहाटेच्या गाडीने यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने जायचे.

सरकारने दवाखान्याच्या भिंती वाढवण्याऐवजी घरोघर एक नळी आणि एक दिवा द्यावा, माणसाला स्वतःचा रंग स्वतः बघू द्यावा, म्हणजे निम्मा खर्च वाचेल, असं काकांचं ठाम मत होतं. तसा अर्ज ते दरवर्षी वरती पाठवायचे. उत्तर आलं नाही याचा त्यांना राग नव्हता. अर्ज तपासायला वेळ लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि येईल त्या रोग्याला ते एक गोष्ट बजावायचे: "औषध मनानं बंद करायचं नाही. ज्यानं चालू केलं, त्यानंच बंद करायचं."

या सगळ्यात मावशीचा जीव मेटाकुटीला आला होता. संक्रांत आली, घरात गूळपोळ्या झाल्या आणि तिच्या ताटात भाकरी पडली. काका स्वतः पट्टीचे गोडखाऊ. बायकोच्या समोर बसून ते गूळपोळीवर तूप ओतून घेत होते. मावशीने चोरून दोन पोळ्या खाल्ल्या आणि सकाळी काका तुळशीला पाणी घालायला गेले तेव्हा तिने बाटल्यांचे दोरे बदलून टाकले. हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या दिवशी आम्हाला एवढंच दिसलं, की मावशीची नळी निळीशार राहिली आणि काकांची विटेसारखी लाल झाली.

दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. काका धडधाकट होते, दोन मैल चालून यायचे, पण नळी लाल म्हणजे लाल. पुराव्यापुढे स्वतःची तब्येत काय चीज आहे! डॉक्टर म्हणाले, आधी गोड सोडा, चाला, मग बघू. काकांनी त्या दिवसापासून साखर तोंडात घातली नाही. उलट त्यांना हुरूप आला. मावशी कारल्याला हात लावत नव्हती, आता उपाय तपासायला हक्काचा रोगी मिळाला. कारलं झालं, मेथ्या झाल्या, जांभळाच्या बियांची पूड झाली. मावशी इकडे गोळ्या घेत होती, जोडीला गूळही खात होती आणि रोज सकाळी दोरे बदलत होती. काकांची नळी लालच राहिली, एकेक उपाय नामंजूर होत गेला. शेवटी कुणीतरी लाकडाचा पेला आणून दिला. पाणी रात्रभर त्यात ठेवायचं आणि सकाळी प्यायचं. काकांनी तोही चालू केला, आणि काय आश्चर्य, उन्हाळा सरता सरता नळी हिरवी झाली आणि पहिल्या पावसाच्या आत निळी. काकांनी आणखी महिनाभर पाहिलं. मग हयातीत पहिल्यांदा त्यांनी ओट्यावर जाहीर केलं, "पेला मंजूर."

काकांनी मंजूर केलेला उपाय म्हटल्यावर गावोगावी लाकडी पेले झाले. एका रविवारी वालूरचे त्यांचे जुने स्नेही आले, त्यांनाही साखर होती. पायाला फडकं बांधलेलं होतं. जखम भरत नाही म्हणाले, पण काळजी नाही, पेला घेतलाय. गोळ्या कधीच फेकून दिल्या.

"फेकल्या?" काकांनी विचारलं.

"आता कशाला पायजेत? तुमी सही केल्यावर डागदर काय लागतो?"

मावशी चहा घेऊन आली होती. ती त्या फडक्याकडे बघत उभी राहिली. मग तिने कपबशा खाली ठेवल्या.

"पेल्यानं काई झालं न्हाई, भाऊ," ती म्हणाली. "ह्यान्ला साखर नव्हतीच. साखर माजी होती. दोरे मी बदलायले होते रोज. तुमी गोळ्या चालू करा."

 मला वाटलं, आता काका घर डोक्यावर घेतील. जन्मभर लोकांच्या बिलांत खोट काढणाऱ्या माणसाला घरातल्या घरात सहा-सात महिने खोटं बिल लावलं गेलं होतं. पण काका विचारात पडले होते. त्यांची शंका वेगळीच होती.

"मग आता दोन्ही नळ्या निळ्या कशा?" ते म्हणाले. "तू गूळ खायलीस ना?"

"अखितीपर्यंत खाल्ला," मावशी म्हणाली. अखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे त्या दिवशी आमरस. "तुमी रसाची वाटी बाजूला सरकवली. इतकं आवडतं तुमाला, अन् गप बसून भाकर खायलेत. त्या दिसापासून माज्याबी घशाखाली गोड उतरंना. सांगायची हिंमत न्हाई झाली."

 काका उठले, टोपी घातली आणि स्नेह्यांना घेऊन एसटीने परभणीला डॉक्टरांकडे गेले. तो पाय वाचला, पण भरायला दिवाळी उजाडली. तोवर काका दर आठवड्याला वालूरला जाऊन फडकं सोडून जखम बघत होते, आणि ज्यांनी ज्यांनी पेला घेतला त्यांच्या घरी जाऊन 'मंजुरी रद्द' असं सांगत होते. पेल्यात मावशी चमचे ठेवू लागली.

परभणीहून ते परतले त्या संध्याकाळी मावशीने त्यांच्यासाठी भरपूर साजूक तुपातला शिरा केला होता. आता त्यांना खायला कसलीच आडकाठी नव्हती. काकांनी शिऱ्याकडे पाहिलं आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "मी गोड खायचं नाही, या औषधानं तुझी नळी निळी झाली," ते मावशीला म्हणाले. "बाकी सगळे उपाय मी तपासलेत. हाच लागू पडलाय."

ते औषध पुढे कितीतरी वर्षं चाललं. लग्नं झाली, बारशी झाली, जिलेबीचं ताट काकांपुढून तसंच पुढं जायचं आणि त्यांच्या शेजारी बसलेली मावशी निमूटपणे वरणभात कालवायची. बघणाऱ्यांना दोघांना साखर आहे असंच वाटायचं. मावशी गेली ती म्हातारपणाने गेली. साखरेने नव्हे, हे काका भेटेल त्याला सांगायचे.

त्यानंतरच्या अखितीला मी मुद्दाम मानवतला गेलो, हाताने आंबे पिळले आणि रसाची वाटी काकांपुढे ठेवली. न्हाणीशेजारच्या फळीवर दोन्ही बाटल्या तशाच होत्या, लाल दोऱ्याची आणि पांढऱ्या दोऱ्याची. मी म्हणालो, "काका, आता घ्या की. आता कुणासाठी सोडायचं?" त्यांनी वाटी हळूच बाजूला सरकवली.

"बंद करा असं ती कुठं म्हणाली?" काका म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.