न अडवलेली वाटी

मनुबाईला कुणी गरीब गाय म्हटलं की तिला ओळखणारे हसत. गाय कसली! नवरा गेल्यापासून तिनं एकच ठेव सांभाळली होती, ती म्हणजे राग. लोणच्यासारखा, दादरा घट्ट बांधून.

नवरा आकाराम हरिपुरात पेवांवर कामाला होता. पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार. उघडलं की आधी वारं द्यायचं, मग पेटता कंदील आत सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या दिवशी मालक लालासाहेबाला गिऱ्हाइकाला तळाचा नमुना दाखवायची घाई. आकारामला तसाच उतरवला. वर आलं ते प्रेत. लालासाहेबानं गावभर सांगितलं, पिऊन उतरला होता. थेंबाला न शिवलेला माणूस! वर मनुबाईला आपल्या सांगलीच्या हळद-गिरणीत कामाला लावलं, तर लोक त्यालाच भला म्हणू लागले.

स्वातंत्र्याच्या आदल्या साली गिरणीत नवी कळ बसली. माल घेणाऱ्या पेढीचा माणूस नेमिनाथ, त्याचा हातानं काढलेल्या नमुन्यावर विश्वास उरला नव्हता. हात नेमकं चांगलंच हळकुंड उचलतो. म्हणून पन्हाळातून हळद पोत्यात पडताना इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारी लोखंडी वाटी आपोआप धारेत शिरायची, मूठभर माल उचलून कुलपातल्या डब्यात टाकायची. किल्ली नेमिनाथकडे.

लालासाहेबानं त्यावरही तोड काढली. वाटीला आडून दोरी बांधली आणि मनुबाईच्या हाती दिली. तो खाकरला की तिनं दोरी ओढून वाटी अडवायची. खराब माल बिनबोभाट पोत्यात. ती इमानानं ओढायची. बाया म्हणत, ज्यानं नवरा खाल्ला त्याचीच चाकरी करते.

मग एकदा गाडीतून काळवंडलेला, कुबट माल उतरला. गाडीवान म्हणाला, आकारामच्या पेवातला. तो गेला त्या दिवसापासून त्या पेवाकडे कुणी फिरकलं नव्हतं, तोंडही नीट बुजवलं नव्हतं. ओल शिरली होती.

इंजिन सुरू झालं. नेमिनाथ समोरच बसलेला. लालासाहेब खाकरला. मनुबाईनं पदर सारखा केला. तो पुन्हा खाकरला, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिनं दोरी सोडली आणि हाताची घडी घालून बसली. वाटी आपली फिरत राहिली.

डबा उघडला. नेमिनाथनं एक हळकुंड नाकाशी नेलं आणि हमालांदेखत म्हणाला, "आवं लालासाहेब, असला कुजका माल इकताय व्हय?"

माणसाच्या जिवापेक्षा मालाची अब्रू लालासाहेबाला मोठी, हे मनुबाईइतकं कुणाला ठाऊक असणार? तो उसळला. "माझा माल चोखच हुता. पेव घाईत उघडलं, वारं द्याया सवड न्हवती. मानूस मेला, त्या गडबडीत तोंड बुजवायचं ऱ्हायलं, म्हणून ओल लागली."

"मग पिऊन कोन उतरलं हुतं, मालक?" मनुबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली. त्यातले निम्मे हरिपूरचे.

पुढं त्याच्या पेवात उतरायला एक माणूस मिळेना. शेवटी तो स्वतः मनुबाईच्या दारात आला. झालं गेलं विसर, गड्यांना चार शब्द सांग, म्हणाला. क्षमाबिमा तिच्या स्वभावात नव्हती. ती आत गेली, आकारामचा कंदील पेटवून आणला आणि त्याच्या हातात दिला.

"आदी ह्यो सोडा, मालक. विझला न्हाई, तर सवता उतरा."