कानिफनानांच्या गाडीची टाळू

केडगावच्या कानिफनाथांना सगळे नाना म्हणत. त्यांच्या जुन्या सात आसनी डिझेल गाडीतून सहा शिक्षक रोज सकाळी मिरजगावकडच्या शाळेत जात आणि संध्याकाळी परत येत. अकरा वर्षांचा नेम. नाना स्वतः सातवीपर्यंतच शिकलेले, त्यामुळं सहा-सहा गुरुजी आपल्या गाडीत शिस्तीत बसतात याचं त्यांना भारी अप्रूप.

पण यंदा त्याच रस्त्यावर माणसं ने-आण करणाऱ्या छगननं नवी गाडी घेतली. वाटेत चढ एकच, पण नेमका तिथंच छगन पुढं निघून जाई आणि वर हात बाहेर काढून टाटा करी. गुरुजी काचेतून त्या गाडीकडं बघत आणि नाना आरशातून गुरुजींच्या बघण्याकडं बघत. ही माणसं तिकडं गेली, तर सकाळी उठायचं तरी कशाला, असं नानांना वाटू लागलं.

नागापूरच्या कारखान्यातल्या भाच्यानं, करणनं, उपाय काढला. "मामा, गाडीचा दम कोंडलाय. तो हवेचा कागदी फिल्टर आन् त्याचा डबा काढा, हा उघडा कापडी बसवा. मळला की धुवायचा, वाळवायचा, या बाटलीतलं तेल चार-चार थेंब सोडायचं. जलमभर बदलायला नको."

यशया मिस्त्रीनं तो चकचकीत फिल्टर हातात फिरवून बघितला. "नाना, इंजिनाला लागती तेवढी हवा कागदातून मिळती. यानं फार तर एकोणीस-वीसचा फरक पडंल. कागद वेळच्या वेळी बदला, झालं."

"आन् चढावर दम लागतो त्याचं?"

"इंजिनाचं वय झालंय. तुमी तरी चढ पळत चढता का?"

हे नानांना लागलं. "बसव," म्हणाले. यशयानं बसवला, जुन्या डब्यावर खडूनं 'नाना' लिहिलं आणि फळीवर ठेवून दिला. परत लागंल, एवढंच म्हणाला.

आता गाडी जी डुरकायला लागली म्हणता! रस्त्यावरची कुत्री उठून बाजूला होत. नाना ताठ बसून चढ चढले. शेजारच्या सीटवर रूथबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी घड्याळ बघितलं.

"नाना, चढाला आधीही चार मिनिटं लागायची. आजही चारच."

"बाई, घड्याळाला आवाज ऐकू येत न्हाई."

महिनाभरात रस्त्याच्या कामाचा फुफाटा खाऊन फिल्टर विटकरीसारखा झाला. नानांनी तो धुतला, वाळवला आणि तेलाची बाटली घेऊन ओट्यावर बसले. तेवढ्यात लंकाबाई आल्या. नानांच्या या कारभारणीनं निम्म्या केडगावची बाळं न्हाऊ घातलेली.

"द्या इकडं. तुमाला कधी तेल लावता आलंय?"

"चार-चार थेंब म्हणलाय करण."

"त्यानं किती बाळं वाढवली?" पाय लांब करून त्यांनी फिल्टर पायांवर घेतला. "टाळू भरायची म्हंजी तेल जिरून वर आलं पायजे." चुण्या-चुण्यांत बोट फिरवत त्यांनी सगळी बाटली रिकामी केली. फिल्टर असा तकतकला की नानांना वाटलं, तीट लावावी.

दुसऱ्या दिवशी गाडीला चढावर उचक्या लागल्या. काळा धूर निघाला आणि ती बसली. छगन शेजारून गेला. त्यानं टाटा केला नाही, नुसतं वाईट तोंड केलं, ते नानांना जास्त झोंबलं. सहा गुरुजी कांद्याच्या टेम्पोत चढले. रूथबाई गोणीवर, पर्स मांडीवर. परिपाठ केव्हाच होऊन गेला होता.

यशया मोटारसायकलवर आला. त्यानं फिल्टरच्या आतल्या नळीत बोट फिरवलं आणि तेलाचा वास घेतला. "हवा मोजायला केसाएवढी तार असती, ती पार माखली. कुनी केली ही मालिश?"

"मीच," नाना म्हणाले. लंकाबाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही.

यशयानं तार फवारा मारून साफ केली आणि खडूचं नाव असलेला डबा नवा कागद घालून बसवला.

दुसऱ्या दिवशी नाना अर्धा तास आधीच गाडी पुसून उभे. कुणी येईल असं वाटत नव्हतं, पण सहाही आले. चढ संपला तसं रूथबाईंनी घड्याळ बघितलं.

"चारच मिनिटं. पण नाना, महिन्याभरानं आज आम्हाला एकमेकांचं ऐकू येतंय. त्या आवाजाला कंटाळून आम्ही छगनकडं जायचं ठरवत होतो. तेही तुमच्याच गाडीत बसून, अगदी मोठ्यानं ओरडून. तुम्हाला पत्ता नव्हता."

"आन् आता?"

"आता तुम्हाला ऐकू येतं. कसं ठरवणार?" मागचे गुरुजी हसले. "शिवाय छगन काल शाळेच्या फाटकापाशी विचारत होता, नानांसारखा आवाज काढणारा फिल्टर कुठं मिळतो."

नानांनी त्या संध्याकाळी फिल्टर तेल जाईस्तोवर धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून छगनच्या घरी फुकट पोचवला. घरून निघताना लंकाबाईंनी दारातून निरोप दिला होता, "तेल लावायला मला बोलवा म्हणावं."

नानांनी तेवढा निरोप सांगितला नाही. छगन कसाही असला तरी त्याच्याही गाडीत माणसं बसत होती.